मधल्या फुलातला केस

ब्लीचच्या पाण्यात हात घालून मी कापड चोळत होते, आणि मधल्या फुलाच्या गाठीवर माझं बोट अडलं. झालं ते एवढंच. सोमवारची दुपार, साडेतीनचा सुमार, शहरातल्या बेलग्रानो ह्या श्रीमंत वस्तीतल्या सहाव्या मजल्यावरची ती अरुंद धुण्याची खोली, रबरी हातमोजे फाटलेले म्हणून उघडेच हात, आणि त्या हातात आदल्या दिवशीच्या पाहुण्यांनी लाल वाइन सांडलेलं एक लांबट कापड. मी ते नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. माझ्या मालकिणीनं, सेन्योरा बेआत्रिसनं, बोळा करून दारातूनच फेकलं होतं, मी ते अर्धा तास बादलीत बुडवून ठेवलं होतं आणि तेवढ्या वेळात न्हाणीघर घासून काढलं होतं. आता चोळायला घेतलं तर उजव्या हाताचं पहिलं बोट जागच्या जागी थांबलं. बोटाला आधी कळलं, मला मागाहून. त्या गाठीत काहीतरी होतं, दोऱ्यापेक्षा बारीक, दोऱ्यापेक्षा ताठ. कापड वर काढलं, उजेडात धरलं. पेरूच्या फुलांची नक्षी, ओळीनं सात फुलं. डावीकडून तिसऱ्याच्या दोन पाकळ्या निळ्या, म्हणजे आता कसल्या निळ्या, धुवट आकाशी. आणि मधल्या, चौथ्या फुलाच्या पोटात गाठ, आणि गाठीतून डोकावणारं केसाचं टोक, गंजलेल्या तारेच्या रंगाचं. तो केस मुळात काळा होता, ब्लीचनं असा झालेला. मीच घातला होता. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या पोराचा.

मी मोरीच्या कडेवर बसले. आमच्या गावाकडे, सरहद्दीपलीकडे, क्रॉसला उघडं ठेवत नाहीत. कुणी गेलं की कबरीवर लाकडी क्रॉस रोवतात आणि त्याच्या दोन्ही हातांवरून, खांद्यावरून उपरणं सोडावं तसं कापड सोडतात. घरच्या बाईनं विणलेलं. उन्हानं, पावसानं ते विरतं, दर वर्षी मृतांच्या दिवसाआधी ते उतरवून धुऊन परत घालतात. ज्या क्रॉसवर कापड नाही त्याच्याकडे बघून बायका तोंडातल्या तोंडात म्हणतात, ह्याच्यामागं कुणी उरलं नाही वाटतं. माझा डेर्लिस दीड वर्षाचा होता. मी इकडे दुसऱ्या बाईच्या पोरांना शाळेत सोडत होते, तो तिकडे आईपाशी. ताप आला, आईनं डोकं पुसलं, पाला वाटून लावला, दवाखान्यात नेलं; मला फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी शर्टाला इस्त्री करत होते. एक दिवस नि एक रात्र बसमध्ये बसून मी पोहोचले तर मातीसुद्धा वाळली होती. आमच्या उन्हात माणसाला थांबवून ठेवता येत नाही, हे मला का ठाऊक नव्हतं? पण मी आईशी भांडले. एवढं भांडले की शेजारची एउस्तासिया मध्ये पडली. मग नऊ दिवस घरात जपमाळ चालली, बायका यायच्या, चिपाचे, म्हणजे आमच्या चीजच्या पावाचे तुकडे आणि तेरेरेचं, पाला भिजवलेलं थंडगार पाणी फिरायचं, आणि मी मात्र कोपऱ्यात चौकट मांडीवर घेऊन विणत बसलेली. प्रार्थना काही केल्या तोंडातून निघेना. सुई तेवढी चालली. आठव्या दिवशी पांढरा दोरा संपला. दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मला रस्त्यात कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. मग उशीच्या अभ्र्याचा निळा दोरा उसवून दोन पाकळ्या भरल्या. आणि त्याच्या टोपीच्या आत चिकटलेला एक केस मिळाला. तो मधल्या गाठीत घातला. कुणाला बोलले नाही. आईनं पाहिलं असावं, ती समोरच बसली होती, पण आमच्यात तेव्हा बोलणंच नव्हतं.

ते कापड इथं काय करत होतं? आमच्या गावचं, आमच्या क्रॉसवरचं कापड, ह्या टेबलावर, वाइनच्या पेल्यांखाली?

“झुनी, निघाला का गं डाग?” सेन्योरा दारात येऊन उभी. हातात नेहमीसारखा फोन.

“हे कुठून आणलंत सेन्योरा?” मी कापड वर धरून विचारलं.

“ते होय? बागेतल्या बाजारातून गं, रविवारच्या. तुमच्याच लोकांचं दुकान आहे की. टेबलाच्या मधोमध घालतात ते. सुंदर आहे ना? तुमच्याकडच्या बायकांच्या हातात जादू असते बघ. तुला नाही येत असलं काही?”

“नाही.”

“बघ, शिकली असतीस तर. डाग नसेल निघत तर टाकून दे बाई, जीव नको काढूस. दुसरं आणते मी. ढीग होता तिथं.”

ढीग. हा शब्द तिनं सहज टाकला आणि चपला फटफटवत गेली. मी कापड पिळलं नाही. पाच वेळा साध्या पाण्यातून काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं. टाकून दे म्हणाली होती, म्हणजे चोरी नव्हती. तरी बस येईपर्यंत पिशवी पोटाशी धरून चोरासारखीच उभी होते. डोक्यात एकच घण पडत होता: आईनं विकलं. माझ्या पोराच्या अंगावरचं विकलं. तिथं तो क्रॉस उघडा उभा आहे आणि जाणारी-येणारी म्हणतायत, मागं कुणी उरलं नाही वाटतं. आणि त्याहून भयंकर म्हणजे, आईनं विकलं ते विकलं, पण ब्लीचमध्ये कुणी घातलं? मी. माझ्या ह्या हातांनी. त्याचं ह्या जगावर उरलेलं एवढंसं, आणि आईच्या हातून जे झालं नाही ते मी अर्ध्या तासात केलं.

तेव्हाच फोन करायला हवा होता. फोन हातात होता, आईचा नंबर समोर होता. पण विचारलं की ती उत्तर देणार, आणि उत्तर दिलं की ते खरं होणार. माणूस किती भित्रं असतं बघा. बुधवारी मी फोन केला खरा, आणि काय विचारलं? कोंबड्या कशा आहेत. आई म्हणाली, बऱ्या आहेत, लाल कोंबडी खुडूक बसलीय. मी म्हटलं, बरं. ती म्हणाली, तू बरी आहेस ना, आवाज का असा? मी म्हटलं, सर्दी. ठेवला. मग उशीत तोंड घालून तिला नको नको ते बोलले. तीन वर्षं मी घरी गेले नव्हते. दर वर्षी ठरायचं, दर वर्षी कुठल्या तरी सेन्योराची मुलगी बाळंत व्हायची नाहीतर सासू पडायची. फोनवर आईला विचारायचे, क्रॉसवर जातेस ना? जाते की, दर सोमवारी, मेलेल्यांच्या वारी, ती म्हणायची. कापड आहे ना गं नीट? आहे की. तीन वर्षं ती मला हे सांगत होती. त्यातलं किती खोटं? मला तिचं तोंड आठवायचा प्रयत्न करताना तिचे हात तेवढे आठवत. चौकटीवर ताणलेलं फडकं, त्यावर सुईनं काढलेले चाकाच्या आऱ्यांसारखे दोरे, त्या आऱ्यांतून खाली-वर पळणारी सुई. पाच वर्षांची असताना मला ती मांडीवर घेऊन शिकवायची. गाठ चुकली की सुईची मागची बाजू हातावर टोचायची. म्हणायची, मधली गाठ ढिली तर सगळं फूल ढिलं. ह्या बाईनं विकलं? मन एकदा म्हणे, विकलं. एकदा म्हणे, अगं तुझी आई आहे ती. आणि मग परत म्हणे, आई आहे म्हणूनच विकलं, तुझ्यावरचा राग असा काढला.

रविवारी बागेत गेले. दुकान म्हणजे चार बांबू नि ताडपत्री. क्रेसेन्सियामावशी तिथं पाय पसरून बसलेली, मांडीशी थंड पाण्याचा थर्मास. ही बाई आमच्याच भागातली, तीस वर्षं इथं आहे, आमच्या लोकांतलं लग्न असो की मयत, ही हजर. मी तिच्याकडे बघत होते म्हणून आधी दोरीकडे लक्षच गेलं नाही. मग गेलं. आणि मला खरोखर वाटलं की डोळ्यांना काहीतरी झालं. दोरीवर अकरा कापडं टांगली होती. अकराच्या अकरा तीच. सात फुलं पेरूची, डावीकडून तिसऱ्याच्या दोन पाकळ्या निळ्या. त्याच दोन. वाऱ्यानं सगळी एकदम हलली, एकाच बाजूला, आणि मी बांबू धरला.

“काय गं झुनिल्दा, भूत बघितल्यासारखी काय करतेस? बस. घे,” म्हणून मावशीनं तेरेरेचा पेला पुढं केला.

“हे… हे कुणाचं काम?”

“आता काय म्हणावं ह्या पोरीला! स्वतःच्या आईचं काम ओळखेना. ओब्दुलियाचं गं. दोन वर्षं झाली, गाडीवाला आणतो महिन्याच्या महिन्याला. तुला ठाऊक नाही? कमाल आहे बाई तुम्हा माय-लेकींची. सगळ्यात जास्त हेच खपतं. ते निळं आहे ना, त्यावर इथल्या बायका जीव टाकतात. म्हणतात, काय डोकं चालवलंय!”

काय डोकं चालवलंय. दुकानापर्यंत चालत जायचं धैर्य नव्हतं म्हणून उशी उसवली होती मी. मी उठून एकेक कापड हातात घेतलं. मधल्या फुलात बोट घातलं. पहिल्यात केस. दुसऱ्यात केस. तिसऱ्यात, चौथ्यात. अकराच्या अकरा फुलांत एकेक केस होता. पांढरा. जाड, राठ, टोकाला किंचित वळलेला. दोऱ्यात मिसळून जाणारा, डोळ्याला न दिसणारा, बोटालाच कळणारा. आईचे ते केस, काळे होते तेव्हा, मी लहानपणी विंचरले होते. मावशी विचारत होती, एखादं हवंय का, तुला फुकट नेलंस तरी चालेल, आणि मी पेला तिच्या हातात देऊन चालायला लागले होते.

बागेच्या दुसऱ्या टोकाला बाक होता. तिथं बसून फोन लावला. शेजारची एउस्तासिया आईला फोन धरून देते. ती देऊन बाजूला झाली.

“आई, तू कापडं विकतेस?”

पलीकडे कोंबड्या हाकलल्याचा आवाज. मग, “क्रेसेन्सिया बोलली वाटतं. तोंडात तीळ भिजत नाही हिच्या. तुला सांगणारच होते गं.”

“कधी?”

“तू आलीस की.”

“आणि सगळी तीच का? ते निळं… ते माझं आहे आई. ते त्याचं आहे.”

“दुसरं येत नाही मला,” आई म्हणाली. अगदी साधेपणानं, घरात मीठ नाही म्हणावं तसं. “डोळे गेले झुनी. उजेड नि अंधार तेवढा कळतो. बाकी सगळी फुलं बोटांनी सोडली. हे एक राहिलं, दर सोमवारी हात फिरवते ना त्याच्यावर, म्हणून. एउस्तासिया दोरा ओवून देते. निळा कधी घालायचा ते मोजून कळतं. बरोबर येतो ना गं तो? कुणी काही म्हणत नाही ना?”

डोळे गेले. हे तिनं असं सांगितलं. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. “मला सांगायचं नाहीस? मी कोण आहे तुझी?”

“सांगितलं असतं तर आली असतीस सगळं सोडून. आणि आल्यावर माझ्याकडे बघत बसली असतीस. तेव्हा आली होतीस नऊ दिवस, तशी. नको बाई.”

मग जे विचारायला मी सोमवारपासून मरत होते ते विचारलं. “त्याचं कापड कुठंय?”

“कुठं म्हणजे? त्याच्या अंगावर. गेल्या सोमवारीसुद्धा हात लावून आले. मृतांच्या दिवसाआधी उतरवलं, धुतलं, दोरीवर घातलं. त्या दिवशी माझी तीन दुसरी पण वाळत होती, गाडीवाला येऊन घाई करायला लागला. पण मी काय वेडी आहे? मधल्या फुलात बोट घातलं, केस लागला. म्हटलं, हाच. बाजूला काढलं. बाकीची दिली त्याला.”

पहिल्यावर बोट ठेवलं, केस लागला. आई, चारांतल्या कुठल्याहीवर ठेवलं असतंस तर लागला असता. हे माझ्या घशापर्यंत आलं. माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत डेर्लिसचं कापड होतं, आणि तिथं, पाचशे कोसांवर, माझी आंधळी आई दर सोमवारी टेकडी चढून स्वतःच्याच केसावरून बोट फिरवत होती आणि नातवाशी बोलत होती. मी पिशवीचे बंद आवळले. सांगावं? काय सांगावं? कुठल्या शब्दांत?

“तू सगळ्यांत केस का घालतेस आई?” एवढंच निघालं.

“मग काय रिकामं द्यायचं?” ती जरा चिडलीच. “क्रॉसचं कापड आहे ते. तू नव्हता घातलास? ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे असेल-नसेल त्यांच्या लेकराचा केस. म्हणून मी माझा घालते. कुणाचं तरी असेलच ना लेकरू.” मग आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये तशी, “झुनी, एक विचारू? तिकडे आपली इतकी माणसं मरतात का गं? महिन्याला दहा-बारा मागवतात. मी विणताना मोजते. पोटात गोळा येतो. काय होतंय काय तिकडे तुम्हाला?”

बागेत पोरं चेंडू खेळत होती. एक बाई नव्यानं घेतलेलं कापड उलगडून नवऱ्याला दाखवत चालली होती, आणि तो मान हलवत होता.

“म्हातारी माणसं जास्त आहेत आई,” मी म्हटलं. “वय झालेली.”

“हां. मग ठीक आहे,” ती म्हणाली. सुटल्यासारखी.

गुरुवारी सेन्योराच्या टेबलावर नवं कापड होतं. तिनं सांगितल्याप्रमाणे आणलं होतं. मधल्या फुलावर फळांची परडी. मी परडी उचलून बाजूला ठेवली. ती आली, परडी परत मधोमध. मी परत बाजूला ठेवली. तिच्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या, कसलासा रस्सा वाढला होता, आणि एकीचा चमचा घसरून चार थेंब कापडावर पडले. “झुनी, हे जरा ब्लीचमध्ये टाक बाई लगेच,” सेन्योरा म्हणाली. आणि मी म्हणाले, “नाही.” सात वर्षांत मी त्या घरात हा शब्द कामाच्या बाबतीत उच्चारला नव्हता. तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

“नाही म्हणजे?”

“त्यात माझ्या आईचा केस आहे.”

“केस?” तिचा हात झटक्यात टेबलावरून मागं गेला. “जेवणाच्या टेबलावर? ई! कुठं? सगळ्यांत असतो का हा?” पाहुणीनं ताटली उचलून मांडीवर घेतली. दुसरी रश्शात वाकून बघत होती. बोलले असते तर मेलेल्यांचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते त्या रश्शाशेजारी मला मांडायचं नव्हतं. “घेऊन जा, घेऊन जा ते आधी,” सेन्योरा म्हणाली. मी पेले उचलले, परडी उचलली, कापड घडी करून छातीशी धरलं.

आता दोन्ही माझ्या खोलीत आहेत. एकात गंजलेल्या तारेच्या रंगाचा केस, एकात पांढरा. डेर्लिसचं कापड घेऊन मी आता जाणार आहे, डिसेंबरात, सेन्योराची कुणीही बाळंत होवो. आईला कळू न देता ते क्रॉसवर चढवायचं, की तिचंच तिथं राहू द्यायचं, हे ठरत नाही. तिचं बोट ज्यावर फिरतं ते काढायला माझा हात धजेल असं वाटत नाही. काल सोमवार होता. टेकडीवरून उतरल्यावर तिनं आपण होऊन एउस्तासियाकडून फोन लावून घेतला. असं ती कधी करत नाही. दम लागलेला होता.

“गेलं का गं एखादं कापड ह्या आठवड्यात?”

“गेलं आई. एक.”

“म्हाताऱ्याचं ना?”

मी पांढरा केस बोटाखाली धरला होता. खोटं तयार होतं, जिभेवर होतं. पण ती विणताना मोजते, तिच्या पोटात गोळा येतो, आणि तरी ती केस उपटून गाठ मारते. अशा बाईशी किती खोटं बोलायचं?

“नाही,” मी म्हटलं. “लहान होतं. दीड वर्षाचं. आई जवळ नव्हती त्याची.”

“अगंबाई,” आई म्हणाली. “म्हणजे आपल्या डेर्लिसएवढंच की गं. त्या पोरीला सांग, मी केस नीट बसवलाय. सुटणार नाही.”